संप्रदाय आणि दर्शनं यांचा मेळ कसा लावायचा? मदत हवी आहे

मंडळी, षड्दर्शनांचं (सांख्य, योग, न्याय, वैशेषिक, मीमांसा, वेदान्त) वाचन चालू आहे आणि एका जागी गाडी अडली आहे. वैष्णवांचं चित्र त्या मानाने सरळ दिसतं: श्रीवैष्णव म्हटलं की रामानुजांचं विशिष्टाद्वैत, माध्व म्हटलं की द्वैत, पुष्टिमार्ग म्हटलं की वल्लभांचं शुद्धाद्वैत. पण हे सगळे वेदान्ताचेच फाटे. मग सांख्य, न्याय, वैशेषिक यांना संप्रदाय का नाहीत?

शैवांकडे वळलं की गुंता आणखी वाढतो. त्यांची ३६ तत्त्वं, म्हणजे सृष्टीचे मूळ घटक, पाहा. सांख्यांची २५ जशीच्या तशी घेतलीत आणि वर शिवापासून कंचुकांपर्यंत (जीवाला मर्यादा घालणाऱ्या आवरणांपर्यंत) ११ चढवलीत. निरीश्वर म्हणवणाऱ्या सांख्यांचा सांगाडा शिवभक्तांना कसा काय चालला? न्यायदर्शनावर ‘न्यायवार्तिक’ लिहिणारे उद्योतकर तर स्वतः पाशुपत, म्हणजे शैवांच्या एका जुन्या पंथातले, होते. त्यांच्या तर्कशास्त्राचा आणि उपासनेचा काही संबंध होता का?

उलट बाजूला मधुसूदन सरस्वती. अद्वैत वेदान्ताच्या बाजूने ‘अद्वैतसिद्धी’ लिहून माध्वांशी भांडणारे आणि तरी कट्टर कृष्णभक्त! म्हणजे दर्शनावरून संप्रदाय ठरत नाही, असंच म्हणायचं ना?

जाणकारांनी समजावून सांगावं, मराठीतलं एखादं पुस्तक सुचवलंत तर फारच उत्तम. ‘सगळं शेवटी एकच’ हे उत्तर मात्र कृपया नको.