माहिती चोरीला जाते, गळते की फुटते?

दारव्हेकर: आमच्या पतसंस्थेच्या संगणकातली सभासदांची यादी मागच्या महिन्यात बाहेर गेली. आधार, मोबाइल, सातबाऱ्याचे फोटो, सगळंच. त्यापायी झालेला खर्च आमसभेत मंजुरीला ठेवायचा आहे. विषयपत्रिकेत 'डेटा ब्रीच'ला मराठीत काय लिहू? अन् खर्चाला खर्चच म्हणू, की नुकसान, तोटा, भुर्दंड?

जुने मास्तर: 'विदाभंग' नको (विदा म्हणजे डेटा), व्रतभंगासारखं वाटतं. चोरीत वस्तू मालकाकडून जाते. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये बनावट कार्डांनी वगैरे ९४ कोटी काढले, ती चोरी. तुमची यादी तर तुमच्याकडेच आहे. गळती नळाची, तिच्यात कोणाचा हात नसतो. पेपर फुटतो ना, तसं हे. कागद जागेवर, गुपित गेलं. 'माहिती फुटली' लिहा.

वेचणीवाली: आमच्याकडं फुटते तो कापूस, मास्तर. लोक सीतादही करतात तेव्हा, वेचणीआधी शेतात दहीभाताची पूजा 😀

जुने मास्तर: धुरा, म्हणजे शेताचा बांध, फुटल्यावर कोणी दहीभात घेऊन जात नाही, बाई.

अकोलेकर ताई: मी लेखापरीक्षकांकडे काम करते, म्हणून खर्चाचं सांगते. आयबीएम या संगणक कंपनीच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या कंपन्यांना अशा एका घटनेची सरासरी किंमत १९.५ कोटी रुपये धरली आहे. आकडा मोठ्या कंपन्यांचा, पण वाटण्या कामाच्या: शोध घेणं, लोकांना कळवणं, नंतरची निस्तरानिस्तर आणि तुटलेलं गिऱ्हाईक. पहिल्या तिन्हींची पावती मिळते, त्यांना 'खर्च' म्हणा. चौथा 'तोटा'.

'दंड' वेगळा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेणाऱ्याला २५० कोटींपर्यंत दंड आहे, पण तो सरकारजमा होतो. ज्याचं आधार फुटलं त्याच्या हातात त्यातलं काही पडत नाही. म्हणून 'भरपाई' हा शब्द जपून वापरा. आणि 'भुर्दंड' म्हणजे चूक एकाची, पैसे दुसऱ्याचे. लाभांश घटला तर सभासदाला बसतो तो भुर्दंड. संस्थेनं स्वतःसाठी तो शब्द वापरणं मला तरी पटत नाही.

कास्तकार: ताई, मले एक सांगा. पैसा गेला थे वहीत दिसते. पत गेली थे कोन्त्या खात्यात लिहाचं? संस्थेच्या नावातच 'पत' हाय ना बाप्पा.

अकोलेकर ताई: भाऊ, ताळेबंदात 'ख्याती' नावाचं सदर असतं, पण त्यात विकत घेतलेलीच ख्याती दाखवता येते. स्वतः कमावलेली लिहायची सोय नाही. मग गेलेली कुठून वजा करणार?

कास्तकार: म्हंजे कमावली तवाबी नाई लिहिली, अन् गमावली तवाबी नाई.

दारव्हेकर: सगळ्यांचे आभार. 'सभासदांची माहिती फुटल्यामुळे झालेला खर्च' असं लिहून नेलं होतं. अध्यक्षसाहेबांनी 'फुटल्यामुळे' खोडून 'तांत्रिक अडचणीमुळे' केलं. खर्च तेवढा तसाच ठेवला.