मदत हवी आहे: नाक्यावरचा झेब्रा हलवून घ्यायचाय, अर्ज कुणाकडे करायचा?

मंडळी, एलबीएस मार्गावर भांडुपच्या पट्ट्यात एक नाका आहे. नाव देत नाही, रोज जाणाऱ्यांनी ओळखला असेलच. स्टेशनकडची सगळी गर्दी तिथे रस्ता ओलांडते. शाळा सुटायच्या वेळी हाल असतात, पावसात तर विचारूच नका.

झेब्रा आहे, पण पलीकडे पोचलं की समोर फुटपाथचं रेलिंग आणि विजेचा डबा! मग रेलिंगला खेटून, रिक्षांच्या मधून, ते संपेपर्यंत रस्त्यातूनच चालायचं. परवा एक आजी एका हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्या हाताने रेलिंग धरून आडव्या सरकत होत्या, मागून बसवाला हॉर्नवर हॉर्न.

सिग्नलची आणखी वेगळी तऱ्हा. रस्ता तीसेक मीटर रुंद. डिझाइनमध्ये चालण्याचा वेग साधारण सेकंदाला १.२ मीटर धरतात, म्हणजे २५ सेकंद तरी हवेत. मोबाइलवर मोजले तर १४ भरले. वयस्कर माणसं दुभाजकापर्यंतच पोचतात आणि तो इतका अरुंद की पाऊलसुद्धा आडवं ठेवावं लागतं. त्यात डावीकडे वळणाऱ्यांना सिग्नलच नाही, आपला हिरवा असतानाच बाइकवाले अंगावर येतात. मेट्रो ४ च्या खांबांमुळे वळणारी गाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. दादर-माहीमच्या सिग्नलवर २०२० मध्ये बाईची आकृती आली, छान झालं. आमच्याकडे बाई असो की बाप्या, हिरवा जरा जास्त वेळ टिकला तरी पुरे.

दोन ऑफिसांत जाऊन आलो. दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं. वाचून एवढं कळलं की मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८अ आलंय. रस्त्याचं डिझाइन किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे कुणी दगावलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. पण तोवर वाट बघायची का?

तर प्रश्न असे. झेब्रा हलवणं, सिग्नलची वेळ वाढवणं आणि डावं वळण सिग्नलवर घेणं यासाठी एकच अर्ज चालतो की तीन वेगळे? दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात टाकायचा विचार आहे, तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. पण मागायचं काय? नाक्याचा मंजूर नकाशा, सिग्नलच्या वेळेचा तक्ता की अपघातांची नोंद? सोसायट्यांच्या सह्या जोडल्या तर वजन पडतं का?

कृपया स्कायवॉक सुचवू नका. वांद्र्याला २००८ मध्ये पहिला झाला, मग शहरभर झाले. गुडघे दुखणारी माणसं जिने चढत नाहीत, खालूनच जातात.

मुंबईत कुणी असा झेब्रा खरंच हलवून घेतला असेल तर अर्जाचा मसुदा इथे टाकाल का? नाव-पत्ता खोडून टाका, मजकूर तेवढा हवाय.