‘सुपरस्टिशन’: स्टीव्ही वंडरने जेफ बेकला दिलेला शब्द पाळायला हवा होता

निषाद
अमेरिकन गायक-वादक स्टीव्ही वंडरचं ‘सुपरस्टिशन’ हे गाणं जबरदस्त आहे, त्याबद्दल दुमत नाही. फंक, म्हणजे ठेक्यावर उभं राहिलेलं कृष्णवर्णीय अमेरिकेचं नाचरं संगीत, कसं असतं असं कुणी विचारलं तर मी हेच लावतो. पण ते ज्या वाटेने आपल्यापर्यंत आलं, ते मला खटकतं.

१९७२ साल. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत स्टीव्ही ‘टॉकिंग बुक’ अल्बमचं काम करत होता. इंग्लंडचा गिटारवादक जेफ बेक त्याचा चाहता. ठरलं असं, की बेकने अल्बमवर वाजवायचं आणि बदल्यात स्टीव्हीने त्याला एक गाणं द्यायचं. बेकने आपला वाटा उचलला. ‘लुकिंग फॉर अनदर प्युअर लव्ह’मध्ये त्याची गिटार आहे. बेक सांगायचा, की एकदा तो सहज ड्रमवर बसून ठेका धरत होता, तेवढ्यात स्टीव्ही आला, थांबू नकोस म्हणाला आणि तिथल्या तिथे क्लॅव्हिनेट या विजेवर चालणाऱ्या, पट्ट्यांच्या वाद्यावर या गाण्याची सुरावट काढली. गाणं बेकला मिळालंही. पण बेकची तबकडी निघायला उशीर झाला, स्टीव्हीच्या मोटाउन रेकॉर्ड कंपनीला यात हिट दिसलं आणि ऑक्टोबर १९७२ मध्ये स्टीव्हीच्याच आवाजातलं सिंगल बाजारात आलं. जानेवारी १९७३ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर. बेकच्या त्रिकुटाचं ‘सुपरस्टिशन’ त्यानंतर आलं, तेव्हा लोकांच्या लेखी ती नक्कल होती.

हे कंपनीने केलं, स्टीव्हीचा काय दोष, असं म्हणतात. मला पटत नाही. एकविशी पूर्ण झाल्यावर मोटाउनशी घासाघीस करून, संगीतावर आपलाच ताबा राहील असा करार त्याने पदरात पाडून घेतला होता. अशा माणसाला कंपनीला थोडं थांबवता आलं नसतं?

तिरकिट
निषाद, हकीकत बरोबर, निष्कर्ष नाही. हेडफोन लावून पुन्हा ऐका. या रेकॉर्डवर गिटार नाहीच! सगळ्यांना जी गिटार वाटते ती क्लॅव्हिनेट आहे, एकावर एक चढवलेले तिचे कितीतरी थर. एक थर सुरावट धरून चालतो, बाकीचे मधल्या फटींत खुटखुट करत राहतात.

आणि ड्रम. सुरुवातीला नुसता ठेका आहे, तोही स्टीव्हीने स्वतः वाजवलेला. पायाचा ठोका सरळ, पण हाय-हॅटची झांज नीट ऐका. एक आवर्तन दुसऱ्यासारखं नाही. कुठे दोन टिपके जास्त, कुठे झांज अर्धवट उघडून मिटलेली. पट्टीचा ड्रमर कदाचित हे घासून-पुसून साफ करेल, आणि गाणं तिथेच मरेल. बासही त्याचाच, ‘मूग’ नावाच्या सिंथेसायझरवर, म्हणजे विजेने आवाज घडवणाऱ्या वाद्यावर. बाहेरचं कोण? स्टीव्ह मॅडायोचा ट्रम्पेट आणि ट्रेव्हर लॉरेन्सचा सॅक्सोफोन. ठेका सुचवणं वेगळं, गाणं उभं करणं वेगळं.

कोमल धैवत
दोघांच्या वादात माल्कम सेसिल आणि रॉबर्ट मार्गुलेफ राहूनच गेले. सिंथेसायझर जोडून जोडून त्यांनी ‘टॉन्टो’ नावाचं खोलीभर यंत्र उभं केलं होतं. बासचा तो जाड, रबरी आवाज घडवणारे हे दोघे. अल्बमवर त्यांचं श्रेय छापलेलं आहे, तरी गाण्याचा विषय निघाला की बेकच आठवतो, कारण गिटारवाल्यांच्या गोष्टी लोक आवडीने सांगतात.

क्लॅव्हिनेटचीही गंमत आहे. जर्मनीच्या होनर कंपनीने ती युरोपचं जुनं बरोक संगीत घरी वाजवता यावं म्हणून काढली होती. युरोपातून आलेल्या पेटीचं आपल्या कीर्तनात आणि नाट्यसंगीतात जे झालं, तेच या वाद्याचं फंकमध्ये झालं.

निषाद
तिरकिट, कुणी चांगलं वाजवलं हा माझा प्रश्नच नाही. स्टीव्हीनेच चांगलं वाजवलं. प्रश्न दिल्या शब्दाचा आहे. पुढे १९७५ मध्ये बेकच्या ‘ब्लो बाय ब्लो’ अल्बमवर स्टीव्हीचं ‘कॉज वी हॅव एंडेड अ‍ॅज लव्हर्स’ आलं. ते मला कर्जफेडच वाटतं.

रात्रपाळी
कर्जफेड कसली? ते गाणं १९७४ मध्येच गायिका सिरीटाच्या अल्बमवर येऊन गेलं होतं.

आणि मला या सगळ्या चर्चेचा रोखच पटत नाही. साठच्या दशकात इंग्लंडच्या किती गिटारवाल्यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतावर आपली घरं बांधली! इथे एक अंध, कृष्णवर्णीय, बावीस वर्षांचा मुलगा स्वतः लिहिलेलं गाणं स्वतः गातो, तर त्यालाच जाब विचारायचा? त्याचं ‘फिंगरटिप्स’ १९६३ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. त्यानंतर पुन्हा तिथे पोचायला त्याला जवळपास दहा वर्षं लागली, ती याच गाण्याने. नुकताच त्या उन्हाळ्यात रोलिंग स्टोन्स या इंग्लिश बँडच्या आधी स्टेजवर उभं राहून गोऱ्या श्रोत्यांसमोर गाऊन आला होता. अशा वेळी हातातलं सर्वांत चांगलं गाणं दुसऱ्याला देणं हा मोठेपणा नसता, आत्मघात होता.

सांगलीची सई
थोडं वेगळं. शिडी, फुटलेला आरसा, तेराचा आकडा असल्या भाकडकथांना झोडपणारं हे गाणं आहे. दाभोलकरांच्या राज्यात ते आणखी वाजायला हवं, असं मला मनापासून वाटतं. आमच्या शिबिरात मुलांना शब्द समजावून मग गाणं लावतो, आणि एकही मूल जागेवर बसत नाही. १९७३ मध्ये ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमात स्टीव्हीने हे लाइव्ह केलं, ते जरूर पाहा. मागच्या लोखंडी जिन्यावर एक मुलगा मान तुटेल अशी झटकतोय.

तिरकिट
सई, तो मुलगा म्हणजेच गाण्याचं खरं परीक्षण. निषाद, गिटारवाल्यांचंही काही बुडालं नाही. अमेरिकन गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉनने ऐंशीच्या दशकात ते गिटारवर घेतलंच की. पण बेकची तबकडी आधी आली असती, तरी लोकांनी शेवटी स्टीव्ही वंडरचंच डोक्यावर घेतलं असतं.

निषाद
अहो, मग माझंच म्हणणं झालं ना हे! बेक आधी आला असता तरी स्टीव्हीचंच गाजणार होतं, तर थांबण्यात त्याचं काय जाणार होतं? रात्रपाळी, तुमचा ब्लूजचा मुद्दा मला मान्य आहे, पण त्याचा हिशेब या एका माणसाकडून वसूल करता येत नाही. बेक काही उचलून न्यायला आला नव्हता. तो ठरवून आला, वाजवून गेला.