कोजागिरीला गच्चीवर कॉमेडी: काय सांभाळावं?

गच्चीकर: आधी प्रोजेक्टरवर नेटवरच्या गमतीदार पाट्या, मीम, रील्स, मग सहा हौशी मंडळींचं स्टँडअप. साठेक प्रेक्षक. तयारी काय करावी?

वायरमन: फॉरवर्ड झालेले फोटो पडद्यावर फाटतात, कारण व्हॉट्सअ‍ॅप ते दाबून पाठवतं. मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. उभी रील आडव्या पडद्यावर मधली पट्टीच व्यापते, म्हणून चार-पाचच ठेवा, त्याही डाउनलोड करून. गच्चीवर वायफायच्या भरवशावर राहू नका. लॅपटॉप-प्रोजेक्टर जोडणारी एचडीएमआय वायर लावली की आवाज प्रोजेक्टरच्या पिटुकल्या स्पीकरमधून येतो. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये आउटपुट हेडफोनवर वळवा आणि तिथून साउंड मिक्सरला वायर द्या.

पाचमिनिटे: पाट्या पंधरा मिनिटांत आटपा, मग पडदा बंद. नाहीतर लोक तिकडेच बघतात. प्रत्येकाला 5 मिनिटं. चौथ्या मिनिटाला मागून मोबाइलचा टॉर्च दाखवायचा. सगळ्यात दमदार गडी शेवटी, त्याखालोखालचा पहिला. खुर्च्या माइकपासून सहा फुटांवर, एकमेकींना चिकटून. विखुरलेलं पब्लिक हसत नाही, उघड्यावर तर नाहीच. माइक स्पीकरच्या मागे असू द्या. पुढे आला की स्पीकरमधून कर्कश शिट्टी. माइकची जाळी मुठीत धरली तरी तेच.

वायरमन: रात्री 10 नंतर लाउडस्पीकर नको. बंद सभागृहाला सूट असते, गच्चीला नाही. साडेसातला सुरू करा आणि मसाला दूध शेवटी. मध्येच वाटलंत तर पेल्यांच्या खणखणाटात पंच गेलाच म्हणून समजा.