मदत हवी आहे: राउटरच्या पिंगच्या चौकोनात अर्धविराम टाकला आणि आतलं सगळं बाहेर आलं, आता काय करू?

नमस्कार मंडळी,

कराडात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान आहे. मी काही कॉम्प्युटरवाला नाही, फॉर्म भरणं, फोटो लहान करणं आणि प्रिंट काढणं एवढंच येतं, त्यामुळे खाली काही चुकीचं लिहिलं तर सांभाळून घ्या.

गेले पंधरा दिवस नेट नुसतं रडतंय. गिऱ्हाईक समोर उभं, ओटीपी आलेला, आणि सबमिटचं चक्र फिरतंय ते फिरतंयच. केबलवाल्याकडे तक्रार केली तर तो उलट मलाच म्हणाला की तुमच्याच लाइनवरून रात्रभर अपलोड चाललाय, टोरंट लावून जाता का? अहो रात्री साडेनऊला शटर खाली, पीसीचं मेन स्विच बंद. चालू राहतो तो फक्त फायबरचा पांढरा डबा, जो त्यानेच दिलाय, आणि कॅमेऱ्याचा डीव्हीआर.

परवा भाचा आला होता, पॉलिटेक्निकला आहे, त्याने १९२.१६८.१.१ उघडलं, डब्याच्या खालच्या स्टिकरवरचाच पासवर्ड चालला (हो, बदलला नव्हता, बोला काय बोलायचं ते). आत डायग्नोस्टिक म्हणून पान आहे, तिथे पिंगचा (पलीकडचं यंत्र उत्तर देतं का ते बघायचा) एक चौकोन. ८.८.८.८ टाकलं की चार ओळी येतात, इतक्या मिलिसेकंदात उत्तर आलं वगैरे. मग त्याने त्याच आकड्यांपुढे एक अर्धविराम टाकला आणि 'एलएस' लिहिलं, आणि त्या चार ओळींच्या खाली बिन, डेव्ह, ईटीसी, प्रोक, टीएमपी अशी नावंच नावं! म्हणे मामा, हे राउटरच्या पोटातले फोल्डर आहेत, हे दिसायलाच नको. मग 'आयडी' टाकलं तर युआयडी शून्य. मग 'पीएस' टाकलं तर चालू असलेल्या प्रोग्रामची यादी आली आणि त्यात एक नाव नुसतं मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखं, नऊ-दहा अक्षरं, काही अर्थ नाही. तिथे पोराचा चेहराच उतरला आणि त्याने खिडकी बंद केली.

केबलवाल्याला सांगितलं तर म्हणतो असं काही नसतं, पासवर्ड बदला आणि रिसेट मारा. माझा प्रश्न सरळ आहे, रिसेट मारून भागणार का? माझ्याकडे लोकांची आधारं, जातीचे दाखले, मार्कशीटा असतात हो. जाणकारांनी प्लीज सांगा. डब्याचा मॉडेल नंबर हवा तर देतो.

तारवाला: मॉडेल नंबर इथे लिहू नका आधी! उघड्या धाग्यावर लिहिलात तर मदत करणाऱ्याआधी दुसरेच येतील.

आता मुद्द्याचं. तुमच्या भाच्याला जे सापडलं त्याला कमांड इंजेक्शन म्हणतात. त्या डब्यात छोटा लिनक्स (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम) असतो आणि ते वेबपान म्हणजे बहुतेक वेळा सी मध्ये लिहिलेला छोटा प्रोग्राम. तुम्ही चौकोनात जे लिहिता ते तो 'पिंग' या शब्दाच्या पुढे जसंच्या तसं चिकटवतो आणि अख्खी ओळ शेलच्या, म्हणजे लिहिलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, हातात देतो. शेलच्या लेखी अर्धविराम म्हणजे एक काम संपलं, पुढचं घे. वाण्याच्या पोराला चिठ्ठी दिली, 'साखर एक किलो', आणि मधल्या मध्ये कोणीतरी पुढे लिहिलं 'आणि गल्ल्यातले पैसे याला दे', तर पोरगं दोन्ही करतं, कारण त्याला सांगितलंय चिठ्ठीत असेल ते करायचं. आणि इथे पोरगं म्हणजे साक्षात मालक, कारण युआयडी शून्य म्हणजे रूट, त्याच्या वर कोणी नाही.

बरं, लिहिणाऱ्याने नीट लिहायचं म्हटलं तर अवघड काहीच नाही. आलेला मजकूर शेलला द्यायचाच नाही, प्रोग्रामचं नाव वेगळं आणि आयपी वेगळा असा सुटासुटा द्यायचा, आणि त्याआधी आकडे आणि टिंब सोडून काही आलं तर परत पाठवायचं. पुष्कळ डब्यांत ही तपासणी असते पण जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे गिऱ्हाइकाच्याच ब्राउझरमध्ये. म्हणजे चोरालाच विचारायचं तू चोर आहेस का.

एक सांगा, भाचा लॉगिन करून आत गेला होता. बाहेरचा माणूस त्या लॉगिनपर्यंत पोचू शकतो का? स्टॅटिक आयपी, म्हणजे नेटवरचा न बदलणारा पत्ता, आहे?

धागाकर्ता: हो आहे ना, कॅमेरे घरून दिसावेत म्हणून महिना जादा पैसे भरून घेतलाय. तेव्हा जो मुलगा आला होता त्याने आत काहीतरी टिक केलं होतं, म्हणाला आता मला ऑफिसातूनच सेटिंग करता येईल, तुम्हाला फोन करायला नको.

तारवाला: तिथेच घोळ आहे. त्याला रिमोट मॅनेजमेंट म्हणतात. फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर या, ब्राउझरमध्ये तुमचा स्टॅटिक आयपी टाका, नुसता एकदा आणि मग पुढे :८०८० (हा पोर्टचा, म्हणजे आत जायच्या दाराचा नंबर) लावून एकदा. काय दिसतं सांगा.

भोचक भवानी: मधेच बोलते, पण पासवर्ड बदलल्यावर प्रश्न मिटत नाही का? लॉगिनच नाही झालं तर चौकोनापर्यंत जाणार कसं कोणी?

तारवाला: ताई, चांगला प्रश्न, आणि केबलवाल्याचंही तेच म्हणणं आहे. पासवर्ड बदलायचाच, पण त्याच्या भरवशावर राहायचं नाही. २०१८ च्या मे महिन्यात दासान कंपनीच्या जीपॉन (म्हणजे फायबरच्या) राउटरचं प्रकरण झालं, दहा लाखांच्या वर डबे नेटवर उघडे होते. त्यात दोन भोकं होती. पहिलं असं की पत्त्याच्या शेवटी एक छोटासा तुकडा जोडला की लॉगिन न विचारताच आतलं पान उघडायचं. आणि दुसरं, सांगा बघू कुठे? पिंगच्या चौकोनात! एकेकटं भोक अर्धंच कामाचं, पण दोन्ही जोडली की काम फत्ते. काही दिवसांतच बॉटनेटवाले, म्हणजे ताबा घेतलेल्या यंत्रांची फौज चालवणारे, तुटून पडले.

काही ठिकाणी तर लॉगिनचा संबंधच नसतो. टीपी-लिंकच्या आर्चर एएक्स२१ मध्ये देश निवडायचा जो रकाना असतो ना, भारत अमेरिका वगैरे, त्यातूनच कमांड जायची, पासवर्ड न विचारता, रूट म्हणून. त्या भोकाचा नोंदणी नंबर सीव्हीई-२०२३-१३८९. गंमत म्हणजे एकदा पाठवलं की नुसतं साठवायचं आणि दुसऱ्यांदा पाठवलं की चालायचं. फर्मवेअर (डब्यातलं सॉफ्टवेअर) दुरुस्त करून दिलं होतं कंपनीने, पण राउटरचं फर्मवेअर कोण अपडेट करतं हो, एप्रिल २०२३ मध्ये मिराई या बॉटनेटवाल्यांनी ते भोक वापरायला सुरुवात केलीच. आणि नेटगिअरच्या आर७००० वगैरेंचं २०१६ च्या डिसेंबरात निघालं तेव्हा दुरुस्ती यायच्या आधी अमेरिकेतल्या सर्ट-सीसी या सायबर सुरक्षा संस्थेने सरळ सांगितलं होतं की हे राउटर तूर्त वापरूच नका.

राईनकाठचा: मी जर्मनीत असतो. इथे नोव्हेंबर २०१६ मध्ये एका रविवारी डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख गिऱ्हाइकांचं नेट गेलं होतं, तेव्हा मी इथे नव्हतो पण ऑफिसात अजून किस्सा निघतो. तिथे पिंगचं नाही, घड्याळाचं! राउटर ज्या सर्व्हरवरून वेळ घेतो त्याचं नाव भरायच्या जागी कमांड पाठवत होते, पोर्ट ७५४७ वरून. गंमत अशी की टेलिकॉमच्या डब्यांना संसर्ग झालाच नाही, ते नुसते धडका खाऊन बेशुद्ध पडले.

धागाकर्ता: तारवाले साहेब, आत्ता बघितलं. वायफाय बंद करून डेटावरून आयपी टाकला, नुसत्यावर काही नाही, :८०८० लावलं आणि समोर तेच निळं लॉगिन पान! हातपाय गार पडले. म्हणजे महिनोन्महिने माझ्या दुकानाचं मागचं दार सताड उघडं, आणि कुलूप कुठलं तर स्टिकरवरचं.

तारवाला: घाबरू नका, पण आता क्रमाने करा, क्रम चुकला तर सगळं वाया.

आधी फायबरची वायर काढा. मग डबा बंद करून चालू. मिराईच्या जातीचा माल बहुतेक रॅममध्येच राहतो, वीज गेली की जातो, पण भोक उघडं असेल तर काही मिनिटांत परत हजर, म्हणूनच नुसतं बंद-चालू करून लोक खूश होतात आणि चार दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं. आणि सगळेच इतके भोळे नसतात, २०१८ चा व्हीपीएनफिल्टर नावाचा व्हायरस, ५४ देशांत किमान पाच लाख यंत्रं, त्याचा पहिला टप्पा रीबूटनंतरही टिकायचा. म्हणून वायर बाहेर असतानाच फॅक्टरी रिसेट, मग नवा पासवर्ड, मग रिमोट मॅनेजमेंट बंद, यूपीएनपी (आपोआप पोर्ट उघडायची सोय) बंद, आणि डीएनएसचे (साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचे) आकडे कोणी बदललेत का ते बघा. मगच वायर लावा आणि लगेच डेटावरून पुन्हा :८०८० टाकून बघा, कारण रिसेटनंतर काही डबे केबलवाल्याच्या सर्व्हरवरून जुनी सेटिंग परत ओढतात. तसं झालं तर त्याच्याकडूनच बंद करून घ्यावं लागेल.

पण खरं सांगू का, तो डबा आता बदलूनच मागा. नाहीतर केबलवाल्याला म्हणा ब्रिज मोडवर टाक (म्हणजे डबा नुसतं नेट पुढे देईल), आणि मागे स्वतःचा राउटर लावा, ज्याला अजून अपडेट येतात असा.

कॅमेऱ्यासाठी पोर्ट उघडा ठेवू नका. डीव्हीआरही त्याच लायकीचा असतो, हिकव्हिजनच्या कॅमेऱ्यांत २०२१ मध्ये अगदी असंच कमांड इंजेक्शन निघालं होतं, तेही लॉगिनशिवाय.

आधार वगैरेंचं म्हणाल तर सरकारी साइटवर जाताना https असतं, वाटेतल्या राउटरला आतलं वाचता येत नाही. पण राउटर आतल्या बाजूला पण बसलाय, तेव्हा पीसीवरचं शेअर्ड फोल्डर बंद करा आणि विंडोज अपडेट करा. आजच.

वकीलबाबू: भाच्याला एक सांगा. डबा केबलवाल्याच्या मालकीचा आहे, मामाच्या दुकानात असला तरी. मालकाच्या परवानगीशिवाय असं आत शिरणं आयटी कायद्याच्या कलम ४३ खाली येऊ शकतं, आणि लबाडीने केलं असं ठरलं तर कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इथे कोणी केस करेल असं नाही, पण दुसऱ्याच्या आयपीवर हौस म्हणून करून बघायला जाऊ नये. सापडलं ते सर्ट-इनला (भारत सरकारची सायबर सुरक्षा संस्था) कळवा, व्हल्नरेबिलिटी (असं भोक) कळवायची सोय आहे त्यांच्या साइटवर, आणि कंपनीला पण.

भोचक भवानी: आणि केबलवाल्याने गावभर तोच डबा वाटला असेल ना?

धागाकर्ता: अहो ताई, माझ्या ओळीतल्या सात दुकानांत तोच आहे, मेडिकलवाल्याकडे पण.

अपडेट: सांगितल्या क्रमाने सगळं केलं, मेन म्हणजे वायर लावल्यावर दहा मिनिटांनी डेटावरून बघितलं तर निळं पान पुन्हा हजर, म्हणजे तुम्ही म्हणालात तसं त्याच्याच सर्व्हरवरून आलं. वायर परत काढून ठेवलीय, दुकान मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चाललंय. केबलवाल्याला दुकानात बोलावून त्याच्या समोर त्याच्याच फोनवर ते पान उघडून दाखवलं, तेव्हा दोन मिनिटं गप्प होता, मग म्हणाला उद्या अकराला मुलगा पाठवतो, ब्रिज करून देतो. कळवायचा मजकूर भाचा लिहितोय, मॉडेल आणि फर्मवेअरचा नंबर स्टिकरवर आणि स्टेटसच्या पानावर मिळाला. मेडिकलवाल्याला पण सांगून आलो, त्याचा स्टॅटिक आयपी नाही, त्यालाही तितकीच भीती आहे का?

तारवाला: थेट बाहेरून कमी, कारण तो बहुतेक सीजीनॅटच्या (अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच बाहेरचा आयपी) मागे असेल, डब्याच्या स्टेटसमध्ये वॅन (बाहेरच्या बाजूचा) आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला तर तसंच समजा. पण केबलवाल्याच्या त्याच नेटवर्कवर दुसरा बिघडलेला डबा असेल तर तो आतूनच धडका देतो, आणि तुमचा डबा पंधरा दिवस त्याच नेटवर्कवर होता. त्यामुळे त्याचाही पासवर्ड आजच बदला. आणि उद्या मुलगा आला की तो आत काय काय टिक करतो ते शेजारी उभं राहून बघा.