मदत हवी आहे: फवारणीनंतर मजुरांनी शेतात कधी जावं?

आम्ही बोरिवलीला राहतो, वांग्याची शेती पालघरला. शेंडे व फळ पोखरणाऱ्या अळीसाठी लॅम्बडा-सायहॅलोथ्रिन ५ टक्के ईसी (पाण्यात मिसळायचं द्रवरूप कीटकनाशक) फवारतो. लेबलवर तोडणीपूर्वीचा प्रतीक्षा काळ दिलाय, पण खुरपणीला बायकांनी वाफ्यात कधी उतरायचं याचा उल्लेख नाही. दुकानदार म्हणतो, "पान वाळलं की चालतं." मला हे पटत नाही. अमेरिकेत याच औषधाला २४ तासांची प्रवेशबंदी आहे. २०१७ ला यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, तेव्हापासून धास्तीच आहे.

फवारणाऱ्याला मास्क, चष्मा, बूट दिलेत. बांधावर साबण-पाणीही असतं. खरी अडचण खुरपणीवाल्यांची. त्या अनवाणी येतात, रबरी हातमोजे घामाने तासाभरात काढून टाकतात, आणि त्याच हातांनी भाकरी खातात. काहींची लहान मुलंही बांधावर असतात. रोजंदारी बुडवून त्यांना घरी बसवणं मला मान्य नाही, म्हणून फवारलेला तुकडा सोडून दुसरीकडे काम देतो. सगळ्यांना वाचता येत नाही, त्यामुळे फवारलेल्या तुकड्यावर लावायची इशाऱ्याची पाटी चित्राची हवी.

आपल्या दमट हवेत २४ तास पुरतात का, की जास्त थांबावं? आणि दिवसभर घालता येतील असे हातमोजे कोणते?