मदत हवी आहे: शौचाच्या तपासणीत काहीच सापडत नाही, पुढे काय करायचं?

मुलगा ६ वर्षांचा. दीड महिना झाला, पोट फुगतं, शौच पातळ, तेलकट, आणि वास असा की बाथरूममध्ये उभं राहवत नाही. वजन १ किलोने उतरलंय. ताप नाही, रक्त नाही. रात्री खाजही नाही, म्हणून सूतकृमीसाठीची सेलोटेपची तपासणी केलेली नाही.

शाळेत जंतांची गोळी (अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅ) दिली होती, फरक शून्य. स्टूल रूटीन दोनदा केलं, दोन्ही वेळा "नो ओव्हा, नो सिस्ट", म्हणजे जंतांची अंडी नाहीत आणि परजीवींचे कोषही (सिस्ट) नाहीत. पण खरं सांगायचं तर पहिला नमुना डबीत तीन तास पडून होता. डॉक्टरांना जिआर्डियाची (आतड्यातला एक सूक्ष्म परजीवी) शंका आहे. त्याच्या सिस्ट रोज पडतातच असं नाही, म्हणून एक दिवसाआड तीन नमुने द्या म्हणाले. औषध रिपोर्टनंतरच, हे त्यांचं मत मलाही पटतं. उगाच मेट्रोनिडाझोल (जिआर्डियावरचं औषध) नको, आधीच पोराची भूक गेलीय. पाणी उकळूनच पितो.

अडचण अशी: गावातल्या लॅबमध्ये फक्त साधी तपासणी होते. मोठी लॅब जिल्ह्याला, एसटीने दीड तास, आणि तीनदा रजा मिळणार नाही.

ज्यांनी हे केलंय किंवा जे लॅबमध्ये काम करतात त्यांना विचारते: तिन्ही नमुने फॉर्मॅलिनच्या (नमुना टिकवणारं द्रावण) बाटल्यांत घेऊन एकदमच नेले तर चालतात का? आणि त्याच नमुन्यांवर जिआर्डिया अँटिजेन तपासणी (शौचात जिआर्डियाची प्रथिनं शोधणारी) होते, की त्यासाठी ताजंच लागतं?